झाकण उघडं असतानाचं अर्धं मिनिट: पाळीव सरड्यांचे जिवंत किडे न पळू देता हाताळायचे कसे

फ्रिजमागून रातकिडा ओरडायला लागला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. लेपर्ड गेको, म्हणजे माझा पाळीव सरडा, घरी येऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्याच्यासाठी आणलेला पन्नास रातकिड्यांचा डबा मी संध्याकाळी टेबलावर ठेवून उघडला, आतला अंड्यांच्या ट्रेचा तुकडा उचलून बघायला गेलो आणि त्याच्या पाठीमागे बसलेले दहा-बारा जण एका झटक्यात चहूकडे सुटले. सात सापडले. उरलेले पुढचे तीन आठवडे आळीपाळीने गात होते, आणि कुणी त्यांच्या दिशेने पाऊल टाकलं की गप्प होत होते.

त्यानंतर मी डबे बदलले, जाळ्या बदलल्या, नाना प्रकारच्या पट्ट्या लावून पाहिल्या. त्याचा उपयोग झालाच. पण किडे पळणं खरोखर थांबलं ते एक गोष्ट ध्यानात आल्यावर: नीट बंद केलेल्या डब्यातून किडे क्वचित पळतात. ते पळतात झाकण उघडं असतानाच्या अर्ध्या मिनिटात. डबा कितीही भक्कम केला तरी तो उघडावा लागणारच. त्यामुळे सगळी तयारी त्या अर्ध्या मिनिटासाठी करायची, आणि ते अर्धं मिनिट दिवसातून जितक्या कमी वेळा येईल तितकं चांगलं.

आधी किडा ओळखा

कुठलाही किडा घरात आणण्यापूर्वी त्याच्याबद्दल चार प्रश्न विचारायचे. उडी मारतो का? गुळगुळीत भिंतीवर चढतो का? उडतो का? कुरतडतो का? डबा कसा हवा हे या चार उत्तरांवर ठरतं. एकच डबा सगळ्यांना चालेल असं समजून बसलात तर एखादी जात तुम्हाला हमखास खोटं पाडते.

रातकिडे सर्वांत जास्त वापरले जातात आणि सर्वांत जास्त पळतातही तेच. फिकट तपकिरी, मऊ अंगाची अकेटा डोमेस्टिकस ही जुनी, नेहमीची जात. तिच्यात पसरणाऱ्या डेन्सोव्हायरस नावाच्या विषाणूने मोठमोठ्या पैदास केंद्रांचे साठेच्या साठे मारले, तेव्हा बरेच उत्पादक ग्रिलोडीस सिगिलाटस या पट्टेवाल्या जातीकडे वळले. पट्टेवाला जास्त काटक असतो, पण चपळही जास्त. जुन्या जातीची सवय झालेल्या माणसाला तो पहिल्याच दिवशी चकवतो. दोन्ही जाती स्वच्छ काचेवर किंवा गुळगुळीत प्लास्टिकवर चढू शकत नाहीत. यातला 'स्वच्छ' हा शब्द महत्त्वाचा आहे. पाण्याचे वाळलेले डाग, चिकटलेला भुसा, काचेच्या टाकीच्या कोपऱ्यातली सिलिकॉनची उभी रेघ, एवढा आधार त्यांना पुरतो. माझ्या जुन्या टाकीतले रातकिडे नेमके त्या सिलिकॉनच्या रेघेवरून एकामागे एक वर येत. दोरावरून चढावं तसे. आणि ते कुरतडतात. डासांची नायलॉनची जाळी त्यांना दोन-तीन रात्रींचं काम.

डुबिया झुरळ म्हणजे ब्लाप्टिका डुबिया. झुरळ म्हटल्यावर घरातली माणसं नाक मुरडतात, पण पळण्याच्या बाबतीत याच्याइतका सभ्य किडा नाही. उडी मारत नाही, गुळगुळीत भिंत चढत नाही, आवाज करत नाही. नराला पूर्ण पंख असतात, पण तो उंचावरून खाली तरंगत येण्यापुरतेच ते वापरतो. मादीला पंखांचे नुसते खुंट. पैदाशीला २८ ते ३२ अंश सेल्सिअसची ऊब लागते, त्यामुळे एखादं सुटलं तरी थंड, कोरड्या घरात त्याचा संसार सहसा वाढत नाही. नवीन माणसाने सुरुवात डुबियापासून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. 'रेड रनर' या नावाने मिळणारं तुर्कस्तानी झुरळ मात्र वेगळं. तेही गुळगुळीत भिंत चढत नाही, पण भलतंच वेगवान असतं आणि अंड्यांच्या कुप्या टाकतं. एखादी कुपी फटीत पडली तर ती दिसणारही नाही. राहत्या घरात मी ते ठेवत नाही.

मीलवर्म आणि सुपरवर्म या अळ्या गुळगुळीत भिंतीपुढे हतबल असतात. उघड्या टबातही राहतात, फक्त भिंत कोरडी हवी. त्यांना थर्मोकोलच्या पेटीत मात्र ठेवू नका, त्या थर्मोकोल खातात. मीलवर्म फ्रिजमध्ये ८-१० अंशांवर आठवडेच्या आठवडे सुस्त पडून राहतो. सुपरवर्म फ्रिजमध्ये मरतो. ही चूक जवळजवळ प्रत्येकजण एकदा तरी करतो.

मेणअळी दिसते गुबगुबीत आणि गरीब. ही मधमाश्यांच्या पोळ्यात घुसून मेण फस्त करणाऱ्या पतंगाची अळी. ती पातळ प्लास्टिक कुरतडते, भिंत चढते आणि दुर्लक्ष झालं तर कोष करून उडता पतंग होऊन बाहेर येते. थोड्याच आणा, लवकर संपवा. ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी कोरड्या डब्यात शांत असते. तोच डबा ओलसर झाला की ओल्या अंगाने ती उभी भिंत सहज चढते. टोळ काच, प्लास्टिक, जाळी सगळ्यावर चढतो, मोठा झाला की उडतो. त्याला घट्ट चेनची धातूच्या जाळीची पेटीच हवी.

लहान पिल्लांसाठी वापरतात त्या फळमाश्यांबद्दल एवढंच सांगतो: 'न उडणारी' असं लिहिलेलं असलं तरी ती चालते, चढते आणि झाकणाच्या फटीतून आरामात निघते. तिचं न उडणं हा अनुवंशिक दोष असतो. बाहेरची एखादी साधी माशी बाटलीत शिरली की पुढच्या पिढीत उडणाऱ्या माश्या दिसायला लागतात. खुरट्या पंखांच्या प्रकारात तर उष्णता वाढली की पंखच जास्त वाढतात, म्हणून ती बाटली गरम दिव्याजवळ ठेवायची नाही.

डबा: उंची, पट्टी, जाळी

रातकिड्यांसाठी निदान ३५-४० सेंटिमीटर उंचीचा, सरळ आणि आतून चकचकीत भिंतींचा प्लास्टिक टब घ्या. खरखरीत पोत असलेला नको. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवा म्हणजे विष्ठा खाली गळते आणि किड्यांना लपायला जागा मिळते. ट्रेचं वरचं टोक झाकणापासून निदान १५ सेंटिमीटर खाली असावं आणि ट्रे भिंतीला टेकलेला नसावा. भिंतीला टेकलेला ट्रे म्हणजे शिडी. टब हलवताना ट्रे सरकतात, म्हणून जागेवर ठेवल्यावर एकदा आत बघायचं.

टबाच्या आतल्या बाजूने, काठाखाली, चारी बाजूंना ६-८ सेंटिमीटर रुंदीची पारदर्शक पॅकिंग टेप लावा. आधी भिंत धुऊन पूर्ण कोरडी करा. टेपखाली बुडबुडे राहू देऊ नका आणि जोडाच्या ठिकाणी वरचं टोक नखाने घासून बसवा, कारण टेपची उचललेली कडा किड्याला पाय रोवायला पुरते. टेपऐवजी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देता येतो आणि तो कामही करतो, पण त्यावर भुसा आणि विष्ठेची धूळ बसते. काही आठवड्यांत त्याचा रस्ता झालेला असतो. मी टेप कायमची ठेवतो आणि जेली फक्त डुबियाच्या टबात, तीही महिन्याला पुसून नव्याने.

झाकणाला हवेसाठी खिडकी हवीच. हवा कमी पडली की विष्ठेतून अमोनियाचा वास साचतो, बाष्प धरतं, किडे मरतात. बाष्पाचे थेंब भिंतीवर जमले तर गुळगुळीतपणाही गेला. झाकणात साधारण १० बाय १५ सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि त्यावर धातूची बारीक जाळी ग्लू गनने चिकटवा. आतून आणि बाहेरून, दोन्ही कडांना गोंदाची अखंड रेघ ओढा. जाळी आणि प्लास्टिक यांच्यामध्ये सुई जाईल एवढी फट राहिली तर एका बाजूने ती रोज थोडी थोडी उचलली जाते. सुटी जाळी नुसती झाकणाखाली दाबून बसवायची युक्ती करू नका. मी केली होती.

जाळीची भोकं किती मोठी चालतील हे मोठ्या किड्याकडे बघून ठरवायचं नसतं. डुबियाची नुकती जन्मलेली पिल्लं जेमतेम तीन-चार मिलिमीटरची असतात आणि रातकिड्याची पिल्लं त्याहून बारीक, मुंगीच्या मापाची. तुम्ही पैदास करत नसलात तरी ती होऊ शकते. रातकिड्याची मादी शेपटीसारखी लांब नळी ओल्या मातीत, ओल्या कापसात, अगदी ओल्या स्पंजातही खुपसते आणि अंडी घालते. उबदार जागेत दहा-बारा दिवसांत ती फुटतात आणि एका सकाळी जाळीतून धुळीसारखे ठिपके चालत बाहेर येत असतात. म्हणून पैदास नको असेल तर टबात ओली माती, ओला कापूस काहीही ठेवायचं नाही. पाण्यासाठी गाजराचा तुकडा किंवा पाण्याची जेल पुरते. उघड्या वाटीत किडे बुडून मरतात, ते वेगळंच.

आता सगळ्यात उपयोगाची जोड. टबाच्या एका भिंतीत, तळापासून ४-५ सेंटिमीटर वर, पुठ्ठ्याची किंवा पीव्हीसीची नळी घट्ट बसेल असं गोल भोक पाडा. नळीचं आतलं तोंड उघडं, बाहेरचं घट्ट बुचाने बंद. नळी आतून खरखरीत असली पाहिजे, पीव्हीसीची असेल तर सँडपेपरने घासा. रातकिड्यांना अंधारी, अरुंद जागा आवडते. दिवसा पाच-दहा जण आपोआप त्या नळीत जाऊन बसतात. किडे हवे असतील तेव्हा नळी बाहेर ओढायची, आतल्या तोंडावर लगेच अंगठा धरायचा आणि टबाच्या भोकावर दुसरं बूच लावायचं. मोठं झाकण उघडावंच लागत नाही. दुसरं बूच टबालाच दोरीने बांधून ठेवा. ऐनवेळी ते सापडत नाही.

नवीन किडे आले की

सर्वांत जास्त किडे याच दिवशी पळतात, कारण डबा अनोळखी असतो आणि प्रवासात हादरे बसलेले किडे बिथरलेले असतात. क्रम असा ठेवा:

१. जागा ठरवा. मोकळी, दार बंद होणारी खोली. बाथरूम उत्तम, पण मोरीच्या जाळीवर ओलं फडकं आणि दाराखालच्या फटीत टॉवेल. पलंग, सोफा, कपड्यांचं कपाट असलेली खोली नको.

२. नवा टब ट्रे, गाजर आणि खाद्यासकट आधीच तयार ठेवा. किडे हातात घेऊन टेप शोधायची वेळ येऊ देऊ नका.

३. डबा न उघडता दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये नाही. किडे थंड रक्ताचे, अंग गार झालं की त्यांचे पाय जड होतात. बाहेर थंडी असेल आणि डबा आधीच गार आला असेल तर ही पायरी सोडा. सुपरवर्मसाठीही सोडा, त्याला थंडी सोसत नाही.

४. एक मोठा रिकामा टब घ्या, शक्यतो पांढरा. आलेला डबा त्या टबाच्या तळाशी ठेवून तिथेच उघडा. सुटलेला किडा टबातच पडतो आणि पांढऱ्यावर लगेच दिसतो.

५. झाकण उचलण्यापूर्वी त्यावर बोटाने चार-पाच टिचक्या मारा. झाकणाला खालून चिकटून बसलेले खाली पडतात. पहिल्या दिवशी मी हेच केलं नव्हतं.

६. ट्रेचा तुकडा उचलून नव्या टबात आधी खोलवर न्या आणि मगच झटका. काठाच्या वर धरून झटकलात तर निम्मे बाहेर. तुकड्याची मागची बाजूही झटकायची, कारण किडे नेहमी तुमच्यापासून लांबच्या बाजूला जाऊन बसतात.

७. रिकामा वाटणारा डबा रिकामा नसतो. पुठ्ठ्याच्या घड्यांत, टेपखाली दोन-चार असतातच. तो डबा रात्रभर मोठ्या टबातच राहू द्या. सकाळी उरलेले खाली उतरलेले असतात. मग डबा पिशवीत बंद करून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि त्यानंतर टाका. अंडी असली तर तीही मरतात.

आल्या आल्या मेलेले चार-दोन दिसणं नेहमीचंच. निम्मे मेलेले असतील तर बाकीचेही आजारी असण्याची शक्यता धरा आणि ते जुन्या साठ्यात मिसळू नका.

रोज बाहेर काढताना

नवशिका माणूस हाताने किडा धरायला जातो. रातकिडा हाती लागतो तो नेमका मागच्या पायाला धरून, मग तो पाय हातात राहतो आणि किडा खाली. चिमटा वापरा, मऊ टोकाचा, पण तोही एखाददुसऱ्या किड्यापुरताच. दहा किडे एकेक करून पकडणं म्हणजे झाकण दहापट वेळ उघडं. त्यापेक्षा नळी ओढा किंवा ट्रेचा एक तुकडा उचलून उंच, अरुंद प्लास्टिकच्या भांड्यात झटका. या भांड्याच्या तोंडालाही आतून टेप लावलेली असावी.

या भांड्यात कॅल्शियमची पूड आधीच टाकून ठेवतो. रातकिड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच कमी असतं. नुसते रातकिडे खाणाऱ्या सरड्याची हाडं मऊ पडतात, वाकतात. म्हणून पूड लावायची असतेच. तिचा दुसरा फायदा असा की पायांना पूड लागली की किड्याची पकड जाते. भांडं हलकेच गोल फिरवलं की पांढरे झालेले किडे तळाशी चाचपडत राहतात आणि सरड्याच्या पेटीपर्यंतचा प्रवास शांततेत होतो. फार जोरात घुसळू नका, अर्धमेला किडा सरडा बघतही नाही.

किती काढायचे ते आधी मोजा. दहा गेले, आठ खाल्ले, तर दोन कुठे आहेत हे माहीत असलं पाहिजे. वही-बिही नको, आकडा डोक्यात ठेवला तरी पुरे. तो ठेवायला लागल्यापासून माझ्या घरात बेवारस रातकिडा दिसणं जवळपास बंद झालं.

सरड्याची पेटीही तपासा

टबावर एवढे कष्ट घेऊन माणसं किडे ज्या पेटीत सोडतात ती बघतच नाहीत. पुढे सरकत्या काचा असलेल्या पेटीत दोन काचा जिथे एकावर एक येतात तिथे उभी फट असते, तीन ते पाच मिलिमीटरची. मध्यम रातकिडा तिथून सरळ बाहेर येतो. त्या फटीत काचेला चिकटणारी पारदर्शक पट्टी मिळते ती लावा. वायर आत नेण्यासाठी पाडलेलं भोक वायरपेक्षा मोठं असतं, त्यात धातूच्या जाळीचा बोळा घट्ट बसवा. हवेच्या झरोक्यांची भोकं मोजा. एकदा रात्री खोलीतला दिवा बंद करून पेटीतला चालू ठेवा. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते तिथून किडाही येतो.

किड्याचं माप सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठं नको. एका वेळी दोन-तीनच सोडा. ते खाल्ले की पुढचे. मूठभर एकदम सोडले की सरडा एकाच्या मागे असतो आणि बाकीचे दगडाखाली, पाण्याच्या भांड्यामागे, पेटीच्या मागच्या भिंतीत जातात. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले बाहेर काढा. हे फक्त पळण्यासाठी नाही: उपाशी रातकिडे रात्री झोपलेल्या सरड्याला कुरतडतात, पापण्या आणि बोटांच्या टोकांपासून सुरुवात करतात. एखादा सापडलाच नाही तर गाजराचा तुकडा ठेवून द्या. तो गाजराकडे येतो आणि सकाळी तिथेच पकडता येतो.

अळ्या आणि डुबियासाठी आतल्या बाजूला वळलेल्या काठाची गुळगुळीत वाटी सर्वांत सोपी. वाटीत वाळू किंवा माती पडलेली नसावी, नाहीतर ढिगावर चढून तेही बाहेर. डुबिया मातीत पडलं की क्षणात पुरून घेतं आणि आठवडाभर दिसत नाही. सुपरवर्म सरड्याचं पोट आतून कुरतडून बाहेर येतो ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती दंतकथा आहे, त्यासाठी त्याचं डोकं ठेचायची गरज नाही. बाहेर फिरणारा सुपरवर्म मात्र चावतो, हे खरं.

साफसफाई

टब साफ करायचा म्हणजे किडे आत ठेवून तळ खरडायचा नाही. किडे हलवायचे आणि मग रिकामा टब धुवायचा. त्यासाठी सारख्याच मापाचे दोन टब ठेवा. रातकिड्यांसाठी दर आठवड्याला ट्रे एकेक करून दुसऱ्या, कोरड्या टबात झटका, तळाशी उरलेल्यांना कोपऱ्यात गोळा करून कपात घ्या. डुबियाला महिन्यातून एकदा पुरतं. अळ्यांसाठी चाळणी.

डुबियाच्या टबात एखाद दिवशी दुधासारखं पांढरं, काळे डोळे असलेलं झुरळ दिसेल. ते आजारी नाही. नुकतीच कात टाकलेली आहे, काही तासांत रंग परत येतो. तोवर त्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. त्याला धक्का न लावता तो ट्रे तसाच बाजूला ठेवा, किंवा सरड्याला द्या. कवच कडक झालेलं नसल्याने त्याला ते पचायला सोपं जातं.

खालचा भुसा आणि विष्ठा थेट कचऱ्यात टाकू नका. त्यात अंडी असतात, डुबियाची पिल्लं तर विष्ठेच्या कणांमधून वेगळी ओळखताही येत नाहीत. पिशवी बांधा, ४८ तास फ्रीजरमध्ये ठेवा, मग टाका. झाडताना मास्क लावा. झुरळ, रातकिडे, टोळ यांच्या विष्ठेची आणि कातेची धूळ रोज नाकात गेली तर काहींना कायमची ॲलर्जी जडते, आणि ती पहिल्या महिन्यात कळत नाही. शेवटी हात साबणाने धुवा. सरडे साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू अंगावर बाळगतात आणि त्यांच्या पेटीत फिरून आलेले किडेही.

तरीही सुटलाच तर

पहिली कृती: झाकण लावा. एका किड्यामागे धावताना टब उघडा राहतो आणि एकाचे पंधरा होतात. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी, अगदी स्वतःच्याच घरात पाहिलं आहे.

जमिनीवर बसलेल्या रातकिड्यावर मागून झडप घालू नका. त्याच्या पार्श्वभागाला दोन बारीक शेपट्या असतात, त्यांवरच्या केसांना हवेची जराशी झुळूक कळते. तुमचा हात पोचण्याआधी त्या हाताने ढकललेली हवा पोचते, आणि तो उडालेला असतो. त्याऐवजी काचेचा ग्लास आडवा करून त्याच्या तोंडासमोर, दोन इंचांवर जमिनीला टेकवा आणि मागून हलकेच फुंकर मारा. तो स्वतःच्या पायांनी ग्लासात उडी मारतो. मग खालून कागद सरकवा. पहिल्यांदा जमलं तेव्हा मला फार शहाणा झाल्यासारखं वाटलं होतं.

दिसेनासा झालेल्यासाठी सापळा लावा. एका उंच काचेच्या बरणीला बाहेरून कागदी टेपची खरखरीत पट्टी तळापासून काठापर्यंत लावा, आत थोडा ओट्सचा भुगा आणि गाजराचा ओलसर तुकडा ठेवा, आतली काच कोरडी आणि स्वच्छ ठेवा. किडा पट्टीवरून चढतो, आत पडतो, बाहेर येऊ शकत नाही. बरणी भिंतीलगत, उबदार आणि अंधाऱ्या जागी ठेवायची. फ्रिजमागे मोटरची ऊब असते, म्हणून रातकिडे तिथे जातात. गोंदाचे सापळे काम करतात, पण सरडा किंवा मांजर घरात मोकळं फिरत असेल तर ते आणूच नका. सरड्याची कातडी त्यावरून सोडवणं हा भयंकर प्रकार असतो.

आवाजावरून शोधायचं असेल तर दोघांनी शोधा. फक्त प्रौढ नर गातो, आणि पावलांची चाहूल लागली की थांबतो. एकाने खोलीच्या एका कोपऱ्यात, दुसऱ्याने दुसऱ्या कोपऱ्यात निश्चल उभं राहायचं. आवाज सुरू झाला की दोघांनी एकाच वेळी त्या दिशेने बोट दाखवायचं. दोन रेघा जिथे छेदतात तिथे टॉर्च मारायचा. आवाज बंद झाला म्हणजे किडा गेला असं मात्र नाही, माद्या गप्पच असतात.

कीटकनाशक फवारू नका. फवारा घरभर पसरतो, आणि विष अंगावर घेतलेला किडा उद्या सरड्याच्या पेटीत पोचू शकतो. त्याच कारणाने दोन-चार दिवस घरात भटकून सापडलेला किडा सरड्याला घालायचा नाही. कोणत्या कोपऱ्यातल्या कोणत्या औषधावरून तो चालून आला हे कळायला मार्ग नसतो. जास्त झालेले किडे अंगणात किंवा बागेत सोडून देणंही नको. ते परक्या जातीचे असतात आणि एकदा बाहेर स्थिरावले की परत गोळा करता येत नाहीत. त्यांची जागा फ्रीजर.

दुसऱ्याच्या हातात देताना

चार दिवस बाहेर जाणार असाल आणि सरड्याला खाऊ घालायचं काम दुसऱ्या कुणावर सोपवणार असाल, तर मुख्य टब त्याच्या हातात देऊच नका. निघायच्या आदल्या रात्री जितक्या वेळा खायला घालायचं तितक्या लहान, भोकं पाडलेल्या, घट्ट झाकणाच्या डब्या घ्या. प्रत्येकीत मोजून किडे, ट्रेचा लहानसा तुकडा आणि गाजराची चकती. झाकणावर वार आणि किड्यांचा आकडा लिहा. डबी सरड्याच्या पेटीच्या आत नेऊन मगच उघडायची, एवढी एकच सूचना द्या. कामाला डुबिया किंवा मीलवर्म घ्या, रातकिडे नकोत, कारण नवख्या हातातून उडी मारणारा किडा निसटणारच. मुख्य टबाच्या झाकणावर चारी बाजूंनी टेप लावा, जाळी तेवढी मोकळी ठेवा, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा: 'उघडू नये'.